निर्मळचं काचेचं साळिंदर

वच्छला,

परवा शाळेतल्या नव्या बाई कागद घेऊन घरी आल्या. "वच्छलाबाईंवर चार ओळी लिहून द्या, फळ्यावर लावायच्या आहेत. जन्म, शिक्षण, नोकरी, एवढंच." मी म्हटलं, एवढंच हवं असेल तर ऑफिसातून घ्या, तिथे सगळं लिहिलेलं आहे. बिचारी तोंड पाडून गेली. तू असतीस तर मला दटावलं असतंस, "काऊन वं इंदू, पोरीवर खेकसून राह्यली?" पण मी काय करू? तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि लोक तुला चार ओळींत बसवायला निघाले. माझा जीव जळतो.

आणि त्या पोरीला मी सांगणार तरी काय होते? की आदिलाबादच्या आपण चार बायका दर हिवाळ्यात एक दिवस काढून काचेची जनावरं बघायला गावोगाव जायचो? हरणं, ससे, हंस, मासे. पोरांची खेळणी नव्हेत, शोभेची. कपाटात ठेवायची आणि बघायची, दुसरा काही उपयोग नाही. कापसाच्या गाड्यांनी बाजार तुंबलेला असायचा, घरोघरी वेचणीची घाई, आणि आपण निघालो काचेचं बदक बघायला. गावाने आपलं नाव 'काचवाल्या' ठेवलं होतं. आमचे मालक तर जीप दारात आली की मोठ्याने म्हणायचे, "लोकं देवाच्या दर्शनाले जाते, आमची बाई सशाच्या दर्शनाले चालली!" म्हणेनात का. आपण जायचोच.

मला हे वेड लावलंस तू. लोकांना वाटतं मी तुला काचवाल्यांच्या मंडळात ओढलं, पण खरं उलटं आहे. माझ्याकडे भावाने नागपूरहून आणलेलं एक काचेचं हरीण होतं, ते मी धूळ पुसून परत ठेवायची, संपलं. मग एकदा सकाळी शाळेत सोबत जायचं म्हणून तुझ्या क्वार्टरवर आले. दार ढकललं तर तू जमिनीवर उताणी पडलेली.

"अवं माय! काय झालं वं?"

"गप. खाली पड अन् वर पाह्य."

वर पाहिलं. छतावर, भिंतीवर, दोरीवरच्या साड्यांवर, तुझ्या कपाळावर, जिकडे तिकडे रंगांचे तुकडे पडले होते. खिडकीत तुझा तो मासा ठेवलेला. हैदराबादला ट्रेनिंगला गेलीस तेव्हा आणलेला, मुठीत मावेल एवढा. कोवळं ऊन त्याच्या पोटातून आत येत होतं आणि खोलीभर फुटत होतं. "रोज येते," तू म्हणालीस. "ढग नसले का रोज." मी पिशवी ठेवली आणि तुझ्या शेजारी आडवी झाले. शाळेत दोघींना उशीर झाला, दोघींनी बोलणी खाल्ली. आपण दोघी वांकिडीच्या. वांकिडीच्या शेतात ऊन म्हणजे डोक्यावरचा मार, दुसरं काही मला माहीतच नव्हतं. उन्हाच्या पोटात एवढं काही भरलेलं असतं हे मला तू दाखवलंस. त्या सकाळी मी जी अवाक झाले ती आजवर पुरती भानावर आलेली नाही, खरं सांगते.

मग मी तुला मोठ्या बाईंकडे नेलं. आपल्याच शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. हे काचेचं मंडळ त्यांनीच सुरू केलेलं, त्या आणि हकीमसाहेबांच्या नसीम आपा अशा दोघींनी. मोठ्या बाईंचा एक नियम होता. काच कोणी कोणाच्या हातात द्यायची नाही. टेबलावर मऊ दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, अंथरायची, तिच्यावर काच ठेवायची, आपला हात मागे घ्यायचा, मग दुसरीने उचलायची. त्यालाही कारण होतं. त्यांची आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीची बोलचाल एका काचेच्या पाखरापायी तुटली होती. देताना घेताना ते दोघींच्या हातांमधून पडलं. तू सोडलं का मी धरलं नाही, हे काही ठरेना. बहीण गेली, पण बोलली नाही. तेव्हापासून बाईंच्या घरात दस्ती आली.

हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. बाईंनी हौसेने आपली काचेची खारूताई काढली, दस्तीवर ठेवली, हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "घ्या वच्छलाबाई."

तू उठून उभी राहिलीस.

"मी नाई घेत."

"काऊन?"

"माही आजी दुकानात गेली का दुकानदार गूळ पायरीवर ठेवे. हात मागं घे. मंग आजीनं उचलायचा. म्या डोळ्यानं पाह्यलं हाये, बाई. मले तसं उचलता येत नाई."

नसीम आपांचा हात चहाच्या कपावर थांबला. मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या कशाबशा म्हणाल्या, "अवं, हा नियम सगळ्यांलेच हाये. आपालेही हाये, इंदूलेही हाये. काच पडू नये म्हणून हाये." आणि बहिणीची सगळी गोष्ट त्यांनी तुला सांगितली.

तू ऐकून घेतलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या बहिणीसाठी. म्हणालीस, "तुमचं खरं हाये बाई. तुमच्या मनात काई नाई, मले दिसते. पण माहा हात नाई होत पुढं."

दुसरी असती तर पुन्हा आली नसती. तू आलीस! दर महिन्याला आलीस, दर सहलीला आलीस. नांदेडला आलीस, चंद्रपूरला आलीस. फक्त कोणाच्या काचेला हात लावला नाहीस. दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून, मान इकडे तिकडे करून पाहायचीस. पण आपला मासा मात्र सरळ उचलून समोरच्याच्या हातावर ठेवायचीस, "घे!" म्हणून. नसीम आपा तो दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या. मोठ्या बाई तर घ्यायच्याच नाहीत. तू धरून ठेवायचीस, त्या लांबून बघायच्या.

आपण दोघी यावरून किती भांडलो गं! मधल्या सुट्टीत डबा खाता खाता भांडलो, पेपर तपासता तपासता भांडलो. मी म्हणायची, "बाई भल्या हायेत. काचेले काय जात असते का?" तू म्हणायचीस, "काचेले नसते. उचलाले लावण्यात असते." मी म्हणायची, तू उगाच ताणून धरतेस. तू म्हणायचीस, "तुह्या आजीले कोणी असं काई उचलाले लावलं नाई नं, म्हणून." आणि माझ्याच डब्यातली चटणी माझ्या हातातून घेऊन भाकरीवर टाकायचीस. मी अजूनही म्हणते, तो नियम काचेसाठी होता. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडणार नाही. पण वांकिडीत आमच्या घरच्या ओसरीवरून तुझ्या आजीला जवारी कशी मिळायची, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. दोघींना ठाऊक होतं. भांडण नेहमी त्याच्या अलीकडे थांबायचं.

मग निर्मळची सहल आली. नव्वद सालानंतरचा एक हिवाळा. मोठ्या बाईंना कोणीतरी सांगितलं की निर्मळला सरोजम्मा म्हणून एक म्हाताऱ्या बाई राहतात. नवरा इंजिनियर होता, मशिनीचं काम शिकायला चेकोस्लोव्हाकियाला राहून आलेला. तिकडची अस्सल क्रिस्टलची जनावरं त्याने आणलेली. आपल्याकडची सगळी साधी काच. क्रिस्टल आपण कोणी पाहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, त्याला बोटाने नुसतं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघतो. तू ते ऐकलंस आणि आठवडाभर वर्गात तुझं लक्ष नव्हतं. मला म्हणालीस, "इंदू, एकदा. एकदाच हातात धराची हाये मले. मंग मेली तरी चालते." मी म्हटलं, मग दस्तीवरून उचल. तू मान हलवलीस. मला राग आला. म्हटलं, ही एवढी आस लावून बसली आहे आणि तिथे जाऊन हात मागे बांधून उभी राहणार!

सकाळी थंडीत जीप निघाली. आपापली एकेक काच बिस्किटाच्या डब्यात, भोवती आमच्या शेतातला कापूस, सरकीसकट. मांडीवर डबे घेऊन आपण चौघी अशा बसलो की ड्रायव्हरने विचारलं, "अंडे है क्या अम्मा?" इचोड्याला ट्रकांच्या रांगेत जीप लागली. तू ढाब्यावरची मिरचीची भजी खाल्लीस, तोंड पोळलं, डोळ्यांतून पाणी, तरी आणखी एक घेतलीस. नसीम आपा म्हणाल्या, "हल्लू खा मां, काच देखने को जीभ नै लगती, लेकिन बात करने को लगती." घाट उतरताना तुझ्या डब्याला मी धरलं, माझ्या डब्याला तू धरलंस.

सरोजम्मांचं घर साधं. पलंग, देवाचा फोटो, भिंतीतलं काचेचं कपाट. पण बाप्पा! त्या कपाटात! उन्हाची तिरीप नुसती कपाटाच्या कोपऱ्याला लागली होती, तरी आतून सगळं पेटल्यासारखं दिसत होतं. अस्वल, घोडा, घुबड, आणि मधोमध एक काटेरी गोळा. सगळ्या अंगावर टोकं, प्रत्येक टोकाला पैलू. मी म्हटलं, "हे तं आपलं साळिंदर!" सरोजम्मा हसल्या, तेलुगूत म्हणाल्या, "मुळ्ळपंदी." नसीम आपा म्हणाल्या, एवढं नाक कुठे असतं साळिंदराला? तुझे हात आपसूक पाठीमागे गेले होते आणि तू तोंड उघडं टाकून बघत होतीस.

मोठ्या बाईंनी रीतीप्रमाणे पिशवीतून दस्ती काढली आणि टेबलावर अंथरली. सरोजम्मांनी कपाट उघडलं, दोन्ही हातांनी साळिंदर बाहेर काढलं, आणि तेव्हा आपल्याला दिसलं की त्यांचे हात कापतात. थोडे नाही, चांगले कापतात. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि मान हलवली. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "नीचे रखने को नै आता मेरे को. टक्क करके लगता." आणि हनुवटीने घोड्याकडे दाखवलं. त्याचा एक पाय खालून उडालेला होता. टेबलावर ठेवतानाच उडालेला.

मग त्या तशाच उभ्या राहिल्या, कापत्या हातांत ते साळिंदर घेऊन, आणि आपल्या चौघींकडे बघत म्हणाल्या, "चेय्यी चापम्मा." हात पुढे कर, बाई.

वच्छला, तो क्षण मला रोज दिसतो. नसीम आपांचा हात पुढे आला आणि सवयीने मागे गेला. माझाही तसाच गेला. कोणी काच धरलेली असली की आपण थांबायचं, ती खाली ठेवू द्यायची, इतकी वर्षं हेच केलेलं. मोठ्या बाई दस्तीचा कोपरा धरून खिळल्यासारख्या उभ्या. आणि तुझे दोन्ही हात पाठीमागून सुटले. सुटले आणि पुढे आले, ओंजळ करून, जराही न डगमगता. खडूने भेगाळलेले तुझे हात. सरोजम्मांनी त्यांत साळिंदर ठेवलं आणि आपले हात काढून घेतले नाहीत. खाली तुझी ओंजळ, वर त्यांची.

दाराची तिरीप तेवढ्यात सरकून तिथे आली. सरोजम्मांच्या हातात होतं तोवर खोलीभर रंग थरथरत होते, भिंतीवर, देवाच्या फोटोवर, मोठ्या बाईंच्या पांढऱ्या केसांवर, कुठेच ठरत नव्हते. तुझ्या ओंजळीत आलं आणि रंग थांबले. जिथल्या तिथे थांबले. लाल, हिरवा, जांभळा आणि असे काही की त्यांना आपल्या भाषेत नावच नाही. तू मान खाली घालून बघत होतीस आणि टपटप डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. सरोजम्मांनी आपल्या पदराने तुझं तोंड पुसलं. ओळख ना पाळख.

मग तू माझ्याकडे वळलीस. "घे वं."

मी घेतलं. वजन केवढं होतं त्याला! आणि तुझ्या हाताची ऊब त्यात उतरली होती. मी नसीम आपांना दिलं, त्यांनी बिस्मिल्ला म्हणत घेतलं. त्यांच्याकडून परत तुझ्याकडे. आता मोठ्या बाई उरल्या. तू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस, ओंजळ पुढे करून. बाईंनी आधी दस्तीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. मला कळलं, त्यांना त्यांची बहीण दिसत होती.

"मले नाई धरवत वच्छला," त्या म्हणाल्या. "तू खालीही ठेवू नको. तूच दाखव मले."

आणि तू दाखवलंस. त्यांच्या डोळ्यांसमोर धरून सावकाश फिरवलंस, एकेक टोक, एकेक बाजू, उलटं करून पोटाखालची सुद्धा. बाई मान वर करून लेकरासारख्या बघत होत्या. शेवटी तू नखाने हळूच टिचकी मारलीस आणि तो नाद निघाला, बारीक, लांब.

परत येताना जीपमध्ये काय झालं? भांडण! मोठ्या बाई म्हणाल्या, नियम चुकीचा नाही. तू म्हणालीस, "मी कुठी म्हणते चुकीचा हाये?" मी म्हटलं, मग दोघी भांडता काऊन? नसीम आपा म्हणाल्या, "इन को आदत है मां, सोने दो." त्या दिवसापासून तुमचा दोघींचा वेगळाच रिवाज पडला. बाईंच्या घरी दस्ती तशीच अंथरली जायची, आम्ही दोघी तशाच उचलायचो. तू मात्र कपाटातून स्वतः काढायचीस, बाईंच्या घरच्या काचासुद्धा, आणि त्यांना हातात धरून फिरवून दाखवायचीस. त्यांनी कधी ओंजळ पुढे केली नाही आणि तू कधी दस्तीवर ठेवली नाहीस. किती वर्षं हे चाललं! मला वाटायचं, कोणीतरी एकीने हार मानावी. आता वाटतं, मी येडी. माणसाने माणसाला एवढं सांभाळून घेतलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत दर महिन्याला होत होतं.

काल आपण तिघी जमलो. आपण म्हणते अजून, बघ. मोठ्या बाई, नसीम आपा आणि मी. जमावं का नाही, कोणाला कळत नव्हतं, पण बाईंनी निरोप पाठवला. आता त्या काठी घेऊन चालतात, दिसतंही कमी. आपांनी हैदराबादहून नवीन आणलेला एक काचेचा बगळा पिशवीतून काढला आणि हातात धरून बसल्या. दस्ती समोर होती, त्यांनी ठेवला नाही.

"मले दाखव," बाई म्हणाल्या.

दाखवायचं काम तुझं. आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी बगळा त्यांच्या हातातून घेतला, बाईंसमोर वाकले आणि तू फिरवायचीस तसा फिरवू लागले. बाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"तसं नाई. वच्छला हळू फिरवे."

मी आणखी हळू फिरवला. बाई म्हणाल्या, "नाई वं, नाई." त्यांना रडू फुटलं. मलाही. आपांनी तोंडाला ओढणी लावली. तो बगळा माझ्या हातात तसाच राहिला.

मग मोठ्या बाईंनी काठी बाजूला ठेवली, पदराने हात पुसले आणि ओंजळ माझ्यापुढे केली.

मी त्यांच्या हातात दिला, वच्छला. हातातून हातात. त्यांनी धरला.

हे मला सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं.